कोटाला बोकडाचा वास

सान सेबास्तियानच्या जत्रेत बाक कितीही कमी पडोत, रुदेसिंदा रेतामालला अख्खा बाक मिळायचा. ती येऊन बसली की शेजारची माणसं हळूहळू सरकायची, मग काहीतरी निमित्त काढून उठायची आणि चार पावलांवर उभी राहून तिच्याशी अगदी आदरानं बोलायची. आदर खरा होता आणि वासही खरा होता. बावीस वर्षं बोकडांत राहिलेल्या बाईला कुठल्या साबणानं धुवायचं?

आमच्या खोऱ्यात तिला सगळे बोकडवाली म्हणतात. तोंडावर म्हणतात, तिला त्याचं काही वाटत नाही. मी मात्र कधी तिचं नाव घेत नसे. 'ती' म्हणायचे. घरात 'ती' म्हटलं की माझ्या नवऱ्याला, नोल्बेर्तोला, बरोबर कळायचं आणि तो चुलीतल्या लाकडांकडं बघायला लागायचा. आता तिच्याविषयी सांगायला बसलेच आहे तर आधी हे सांगून टाकते, की मी तिच्यावर जळायचे. थोडीथोडकी नाही. कोणी तिचं नाव चांगलं काढलं की माझा तिळपापड व्हायचा आणि लोक तर सारखं चांगलंच काढायचे.

तिचं काम असं. शेळी पाच महिन्यांनी विते. आमच्याकडं, जगाच्या दक्षिण टोकाला, बर्फ सरून गवत फुटतं ते ऑक्टोबरात, म्हणून करडं तेव्हाच जन्मली पाहिजेत. त्यासाठी बोकड कळपात सोडायचा तो मेच्या मध्यावर, त्याआधी एक दिवससुद्धा नाही. आधी सोडला तर करडं बर्फात पडतात, आईला दूध नसतं आणि सकाळी गोठ्यात जाऊन कडक झालेली पिल्लं गोळा करावी लागतात. पण बोकडाला कॅलेंडर कोण शिकवणार? पानगळ लागली की तो आपल्याच दाढीवर मुततो, ओठ वर करून वारा हुंगतो आणि पुढं भिंत असो की कुंपण, डोकं आपटत सुटतो. म्हणून खोऱ्यातली अठरा घरं आपापले बोकड रुदेसिंदाकडं ठेवतात. तिची दरी अरुंद आहे. दोन्ही अंगांना कडे, तोंडाशी पुरुषभर उंचीची दगडी भिंत आणि दोन कोसांत औषधालासुद्धा शेळी नाही. जुलैत बोकड तिच्याकडं जातात आणि पंधरा मेला ज्याचे त्याला परत मिळतात. आधी हे काम तिचा बाप करायचा. तो घोड्यावरून पडून गेल्यावर तिनं उचललं, आणि तेव्हापासून तिच्या भिंतीवरून एकही बोकड बाहेर आलेला नाही.

पन्नास-साठ बोकड ती नावानं ओळखते. कुणाचं शिंग कधी मोडलं, कुणाच्या खुरात गेल्या साली काटा होता, सगळं तिला तोंडपाठ. हाक मारली की तो एकच बोकड मान वर करतो, बाकीचे चरत राहतात. मी स्वतः पाहिलंय हे आणि पाहून मला बरं वाटलेलं नाही. माझ्याही हाताला गुण आहे. मी केलेल्या चीजला चोस मलालच्या बाजारापर्यंत नाव आहे. पण चीज लोक खातात आणि विसरतात. बोकड परत घेताना मात्र हेच लोक तिच्यासमोर टोप्या काढतात.

तरी एवढ्यानं मी जळले नसते. मूळ दुखणं वेगळं. आमचं लग्न ठरायच्या आधी, एका जत्रेत, नोल्बेर्तो तिच्याबरोबर तीन वेळा नाचला होता. आमचा नाच हातात रुमाल घेऊन नाचायचा. त्यात अंगाला अंग लागत नाही, पण डोळे काढून घेता येत नाहीत. तेव्हा ती वीस वर्षांची, कमरेपर्यंत वेणी, ताठ चाल. मी खांबाला टेकून मोजत होते. पुढच्याच हिवाळ्यात तिचा बाप गेला, ती बोकडांत राहायला गेली आणि वर्षभरात नोल्बेर्तोनं मला मागणी घातली. लोकांना मी सांगायचे, त्यानं मला निवडलं. मनात यायचं, त्यानं कुठलं, बोकडांनी निवडून दिलं.

त्यात दर जुलैत बोकड पोचवायला हाच जायचा. तिचं घर आमच्यापासून घोड्यावर पाच तासांवर. पण बर्फाचं निमित्त करून एक रात्र मुक्काम ठरलेला. एका साली परत आला तो घोड्याचा लगाम नवा विणून घेऊन.

"हा कुणी विणला?" मी विचारलं.

"तिनं. तुटला होता."

"मग मला नाही सांगितलंस?"

"तुला चामडं विणता येतं का?"

येत नव्हतं. हेच तर झोंबलं.

ही गोष्ट घडली त्याच्या आधीच्या जुलैत आमचं कडाक्याचं भांडण झालं. आमचे बोकड दोन. एक म्हातारा, करड्या रंगाचा, आणि एक तरुण काळा, नोल्बेर्तोनं हौसेनं वाढवलेला. तो त्यांना दोर लावत होता आणि शीळ घालत होता. शीळ कशासाठी? घरातल्या कामाला जाताना तो कधी शीळ घालत नाही. मी दारात आडवी उभी राहिले.

"तिच्या उंबऱ्यावर पाऊल टाकलंस तर ह्या उंबऱ्यावर पुन्हा टाकू नकोस."

"अगं, बोकड काय एकटे चालत जातील?"

"उडत जाऊ देत."

"ओतिलिया, बावीस वर्षं झाली. मी काही केलंय का?"

"तेच तर. बावीस वर्षं वाट बघतोयस."

शेवटी मी त्याला कुमारी मातेच्या तसबिरीसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. त्यानं दोर हातावर गुंडाळला आणि म्हणाला, "बरं. एव्हारिस्तो चाललाय त्याचे घेऊन, त्याच्याबरोबर धाडतो." एव्हारिस्तो म्हणजे आमचा शेजारी, क्लोरिंदाचा नवरा. संध्याकाळी नोल्बेर्तो रिकाम्या हातांनी परत आला आणि मी त्याला तळलेल्या पुऱ्या करून घातल्या. जिंकल्याचा स्वयंपाक होता तो. मला वाटलं, संपलं एकदाचं.

उन्हाळ्यात आम्ही कळप घेऊन वरच्या कुरणात गेलो. अधूनमधून नोल्बेर्तो एकटा घोड्यावरून खाली घरी उतरायचा, लसूणघास कापायला. आमचा घास उन्हाळ्यात तीनदा कापणीला येतो. हा पाच वेळा खाली गेला. बायको जळायला लागली की तिला मोजायचं वेड लागतं. पण मी गप्प राहिले, कारण त्याच्या अंगाला तेव्हा घामाचा आणि गवताचा वास यायचा, दुसरा कसला नाही.

मार्चच्या शेवटी कळप हाकत आम्ही खाली आलो. आठ दिवसांची वाट, धूळ, पायांना फोड. घराजवळचे पॉपलर पिवळे व्हायला लागले होते, पहाटे बादलीतल्या पाण्यावर पातळ बर्फ धरत होतं. घर झाडणं, लोकर धुणं, हिवाळ्याची लाकडं, शेवटचं चीज, कामाला अंत नव्हता. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी नोल्बेर्तोनं खिळ्याला कोट अडकवला आणि मला बोकडाचा वास आला.

हा वास ज्यानं एकदा घेतला त्याला तो दुसऱ्या कशाचा वाटूच शकत नाही. मी कोट खाली काढला, बाह्यांत नाक खुपसलं. नाकाला झिणझिण्या आल्या. खोऱ्यातले सगळे बोकड कुठं होते? तिच्या दरीत. मग कोट कुठं होता? आणि कोटातला माणूस?

त्याला विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण मला विचारायचं नव्हतं, पकडायचं होतं. रोज दुपारी जेवून तो 'जरा कुंपणं बघून येतो' म्हणून निघायचा आणि दिवस मावळता परत यायचा. दोन-तीन तासांत पाच तासांची वाट कशी होते, हा प्रश्न मलाही पडला. लगेच त्याचं उत्तरही मिळालं. ती अर्ध्या वाटेवर येत असणार! संशयाला कुठल्याही घोड्यापेक्षा जोरात पळता येतं. रोज तो आला की मी कोट हुंगायचे. वास रोज वाढत होता आणि माझी भूक रोज कमी होत होती.

एवढी मी त्या कोटात गुंतले होते की माझ्या डोळ्यांसमोर शेळ्या शेपट्या हलवत उभ्या होत्या ते मला दिसलंच नाही. म्हणजे दिसलं, पण शिरलं नाही. शेळ्या चारा सोडून ओरडत होत्या, एकमेकींच्या अंगावर चढत होत्या, दूध कमी झालं होतं. क्लोरिंदा येऊन म्हणालीसुद्धा, "माझ्यापण शेळ्या बाई ह्या साली कशा करतायत! माजावर आल्यासारख्या."

"वारा सुटलाय ना, म्हणून," मी म्हणाले.

तीस वर्षं शेळ्या राखणारी बाई मी, आणि म्हणाले वारा सुटलाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

एप्रिलच्या मध्यावर एका पहाटे मी 'क्लोरिंदाकडं लोकर विंचरायला जाते' म्हणून घोडं बाहेर काढलं. कोट खोगिराच्या पिशवीत कोंबला होता. वाटेभर मी काय काय बोलायचं ते पाठ करत गेले. दुपार व्हायच्या आत तिच्या दरीच्या तोंडाशी पोचले.

ती भिंतीपाशी बसून एका बोकडाचा खूर तासत होती. बोकड तिच्या मांडीवर पाय ठेवून म्हातारबुवासारखा शांत उभा. मला बघून ती उठली नाही, नुसती म्हणाली, "ये ओतिलिया. घोड्याला पाणी दाव. मी माते करते." माते म्हणजे आमचा कडू चहा, एकाच भांड्यातून एकाच नळीनं ओढायचा. तिच्या तोंडची नळी मी तोंडात घेणार होते का?

"मी प्यायला नाही आले." मी कोट काढून तिच्या अंगावर फेकला. "हा ओळखतेस?"

तिनं कोट उलटसुलट केला. "कुणाचा?"

"सोंग करू नकोस. माझ्या नवऱ्याचा. हुंग. वास तुझ्या घरचाच आहे."

मला वाटलं ती लाजेल, चिडेल, रडेल. तिनं सरळ कोट नाकाला लावला आणि डोळे मिटले. आधी कॉलर, मग एक बाही, मग दुसरी. चीज तयार झालं की नाही ते मी जसं बघते तसं, निवांत. मग डोळे उघडून म्हणाली, "हा माझ्याकडचा नाही."

"कोट?"

"बोकड गं. ह्याला मी कधी हात लावलेला नाही. तरुण आहे. अडीच वर्षांचा असेल फार तर." पुन्हा हुंगलं तिनं आणि आता तिच्या कपाळावर आठी पडली. "आणि ओतिलिया, माझ्याकडं एकाचाही वास अजून एवढा चढलेला नाही. इथं हुंग, बघ. शेळी जवळ नसली की बोकड असा घमघमत नाही. ह्याच्याजवळ शेळ्या आहेत."

मी कोट तिच्या हातातून ओढून घेतला.

"तुमचा एकच आला होता जुलैत," ती म्हणाली. "म्हातारा. एव्हारिस्तोला नंतर विचारलं तर म्हणाला, दुसरा तुम्ही नऊ जुलैला, स्वातंत्र्याच्या सणाला, कापून खाल्लात."

"खाल्ला?"

"नाही खाल्लात वाटतं."

नवरा निर्दोष सुटला होता. खरं तर मी गुडघे टेकून देवाचे आभार मानायला हवे होते. पण माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, की ज्या माणसाच्या शेजारी मी एकवीस वर्षं झोपते त्याच्या कोटात काय आहे ते हिनं दोन श्वासांत सांगितलं आणि मला पंधरा दिवस हुंगून कळलं नाही. अशा वेळीसुद्धा मी जळले. खोटं कशाला सांगू?

मी घोड्यावर चढले तेव्हा ती लगाम धरून उभी राहिली. "किती शेळ्या फळल्यात ते आधी बघ. आणि शेजारच्यांच्या. सांगायचं ते तू सांग, मी सांगणार नाही. मी बोलले तर लोक म्हणतील, स्वतःचं झाकायला दुसऱ्याकडं बोट दाखवते." मग दरीकडं बघून म्हणाली, "शेळी जाते जिवानिशी, आणि माणसं वातड कशी म्हणून भांडत बसतात."

दुसऱ्या दिवशी नोल्बेर्तो कुंपणं बघायला निघाला तशी मी मागोमाग गेले. घरामागच्या टेकडीपलीकडं एक घळ आहे, तिच्या तोंडाशी त्यानं दगड रचले होते. आत तो काळा बोकड. पोटाखाली चामड्याचा पडदा बांधलेला, शेळीवर चढला तरी काही होऊ नये म्हणून बांधतात तसा. पण पडद्याचा एक पट्टा तुटून तो बाजूला लोंबत होता आणि भिंतीचे वरचे दगड बाहेर पडले होते. नोल्बेर्तो ते पुन्हा रचत होता. रोज दुपारी तो सुटलेला बोकड आणून हेच करत असणार, आणि बोकड रोज पहाटे ते पाडत असणार.

"हे काय आहे?"

तो दचकला. हातातला दगड खाली ठेवून म्हणाला, "एव्हारिस्तो दोघांना न्यायला तयार नव्हता. त्याचे स्वतःचे सहा. म्हणाला, म्हाताऱ्याला नेतो, ह्या दांडग्याला तू आण."

"मग नेला का नाहीस?"

"नेला का नाही?" एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "तसबिरीसमोर शपथ कुणी घ्यायला लावली? तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको म्हणालीस, नाही ठेवला! कापायला हात होईना. एव्हारिस्तोला सांगितलं, कापून खाल्ला, आणि म्हटलं लपवतो मेपर्यंत. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, तिच्याकडं जायचं निमित्त शोधतोयस."

म्हणाले असते. नक्की म्हणाले असते.

आमच्या नव्वदातल्या तेवीस शेळ्या फळल्या होत्या. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, गुडघाभर बर्फात, तेवीस बाळंतपणं. क्लोरिंदाच्या नऊ. आम्ही बोकड घरात आणून साखळीनं बांधला, लसूणघासाच्या पेंढ्या जेवढ्या राखता येतील तेवढ्या राखून ठेवल्या आणि दोघांनी तोंडं शिवली. नोल्बेर्तो भीतीनं गप्प होता. मी का गप्प होते ते ऐका. आठवड्याभरात क्लोरिंदा रडत आली. "अगं, नऊ शेळ्या अवेळी फळल्या! बोकडवालीचाच सुटला असणार. दुसरे बोकड आहेतच कुठं खोऱ्यात?" ते वाक्य माझ्या कानांत मधासारखं उतरलं. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, की बावीस वर्षांचं तिचं नाव आपोआप मातीत जाणार होतं. तीन आठवडे मी त्या विचारावर जगले. पुन्हा जेवायलासुद्धा लागले.

पंधरा मेला सगळी अठरा घरं तिच्या भिंतीपाशी जमली. मीही गेले. ह्या वेळी नोल्बेर्तोला मीच म्हणाले चल. ती नेहमीसारखी भिंतीच्या तोंडाशी उभी होती, डोक्याला लाल रुमाल, एकेकाचं नाव पुकारून शिंगाला धरून बोकड बाहेर देत होती. एव्हारिस्तोचा नंबर आला तसा तो पुढं गेला, पण बोकड घेतला नाही.

"आधी एक सांग बाई. तुझा कुठला सुटला एप्रिलात?"

"एकही नाही."

"मग माझ्या नऊ शेळ्या कुणापासून गाभण राहिल्या? पाद्रीबाबापासून?"

कोणीतरी फिस्सकन हसलं, पण लगेच कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, हिच्या बापाच्या वेळी असं कधी झालं नाही. कोणी म्हणालं, बाईमाणूस एकटी, कुठंकुठं बघणार. नदीपलीकडच्या अलार्कोनांची दरीही चांगली आहे म्हणे, येत्या जुलैत तिकडं बघू. सगळं मी योजल्याप्रमाणं चाललं होतं, मी न योजता.

ती एवढंच म्हणाली, "माझ्या भिंतीवरून एकही गेलेला नाही." आणि माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही. एकाच्या चेहऱ्यावरून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर तिची नजर फिरत गेली आणि माझ्यावरूनही तशीच पुढं गेली. एका नजरेनं ती मला बोलती करू शकत होती. तिनं ते केलं नाही. ते माझ्यावर सोडून ती उभी राहिली.

मी चांगली आहे म्हणून बोलले असं कुणाला वाटत असेल तर चूक आहे. मी गप्प बसले असते तर ती माझ्यापेक्षा मोठी ठरली असती, कायमची, आणि ते फक्त आम्हा दोघींना माहीत असतं. तेवढं एक मला सोसलं नसतं.

"बोकड आमचा होता," मी म्हणाले.

एव्हारिस्तो वळला. "तुमचा? तो तर खाल्लात ना?"

"नाही खाल्ला. घरामागं लपवला होता. क्लोरिंदा, आमच्या लसूणघासातला अर्धा तुझा. तुझ्या नऊ शेळ्या विण्याआधी मी येऊन राहीन."

"पण लपवला कशाला? वेड लागलं होतं?"

सगळे नोल्बेर्तोकडं बघायला लागले. तो आपली टोपी हातात फिरवत होता. तेव्हा तेही मलाच सांगावं लागलं.

"मी त्याला इथं येऊ देत नव्हते. मला वाटायचं, ह्याचं आणि रुदेसिंदाचं काहीतरी आहे."

कितीतरी वर्षांनी तिचं नाव माझ्या तोंडून निघालं. आणि मग जे हसू फुटलं, ते कड्यांवर आपटून दुप्पट होऊन परत आलं.

"बोकडवालीशी?" एव्हारिस्तोनं गुडघ्यावर हात आपटला. "अगं बये, तुझ्या नवऱ्याला नाक आहे की नाही?"

"जवळ जाणार कसा, शिडी लावून?" दुसरा म्हणाला.

"जळायला तुला दुसरी कोणी मिळाली नाही होय गं!" क्लोरिंदा डोळे पुसत म्हणाली. तीन आठवड्यांपूर्वी ह्याच डोळ्यांनी ती शेळ्यांसाठी रडत होती. "मग जुलैत माझे सहाही तुझ्याकडंच बरं का बाई," एव्हारिस्तो हसत हसत तिला म्हणाला, आणि दोघातिघांनी टोप्या काढल्या. तिचं नाव वाचलं होतं.

नोल्बेर्तोही हसला. आधी सुटल्यासारखा हळूच, मग सगळ्यांना दिसावं असा मोठ्यानं, मान मागं टाकून, कोणी चुकून खरं मानू नये म्हणून.

बावीस वर्षं मी त्या दोघांमधली एक नजर पकडायला टपले होते. त्या दिवशी मला ती सापडली. रुदेसिंदा हसणाऱ्या नोल्बेर्तोकडं बघत होती. एका हातात बोकडाचं शिंग, आणि दुसरा हात आपोआप वर जाऊन रुमालातून निसटलेले केस आत खोचत होता. नोल्बेर्तो तिच्याकडं बघत नव्हता. त्यानं एकदाही बघितलं नाही. माझं समाधान व्हायला हवं होतं. त्याऐवजी मला त्याच्या उघड्या तोंडात मूठभर माती कोंबावीशी वाटली.

"आमचा दे," मी पुढं होऊन म्हणाले.

तिनं म्हातारा बोकड माझ्या हाती दिला. शिंगावरचा हात तिनं लगेच काढला नाही.

"हसू देत," ती मला ऐकू येईल एवढंच बोलली. "एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल असं काही वाटणारी तू एकटीच निघालीस."

वाटेत नोल्बेर्तो दोनदा पुढं येऊन म्हणाला, "बघ, मी सांगत होतो ना? सगळ्या खोऱ्याला माहीत होतं, तुलाच कळत नव्हतं." घर येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. त्याला वाटलं, मी अजून तिच्यावरच रागावले आहे.